रत्नागिरीत सगळं कुटुंब घेऊन मुक्काम कुठे करावा? शहरात, भाट्याला की थेट गणपतीपुळ्याला?

जिन्याखाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मे २०२६ च्या पहिल्या आठवड्यात चार-पाच दिवस रत्नागिरीला यायचं ठरतंय. आम्ही ठाण्याचे, माणसं सात. सासूबाई ७४ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डावा दुखतो. सासऱ्यांना मधुमेह, रोजचं इन्सुलिन. नणंद, आम्ही दोघं, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी साडेतीनची.

मागच्या खेपेला (रत्नागिरी नव्हे, पण किनाऱ्यावरच) मी फोटो बघून खोल्या घेतल्या. खिडकीतून समुद्र, खाली माड, सगळं फोटोत होतं तसंच निघालं. खोल्या मात्र वरच्या मजल्यावर आणि जिना बाहेरून, लोखंडी, एका बाजूला कठडाच नाही. सासूबाई पहिल्या दिवशी चढल्या त्या तिसऱ्या दिवशी निघतानाच उतरल्या. मधले दोन दिवस आम्ही पुळणीवर आणि त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या. "मला दिसत होतात हो तुम्ही सगळे," म्हणाल्या. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यांचं माहेर राजापूरकडचं. पाण्यात पाय बुडवल्याशिवाय समुद्रावरून परत येणं त्यांना कसं वाटलं असेल, ते त्या कधीच बोलल्या नाहीत.

यंदा त्यांना मध्यावर धरून ठरवायचं आहे. बघायचं म्हणाल तर गणपतीपुळे, पावस, थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, जमलं तर रत्नदुर्ग. नवरा म्हणतो शहरात राहू, सगळं हाताशी. नणंद म्हणते समुद्रापाशीच राहायचं, नाहीतर ठाणं काय वाईट. सासरे म्हणतात दोन रात्री पुळ्याला, दोन शहरात. तिकडचे असाल किंवा म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊन आला असाल तर सांगा.

गाडीतळ

मारुती मंदिराच्या आसपास घ्या. औषधाची दुकानं, रिक्षा, जेवण, सगळं पायाखाली.

खाडीकाठ

ताई, मी इथलाच. आधी शहर कसं बसलंय ते सांगतो, मग ठरवणं सोपं जाईल.

रत्नागिरी सपाट नाही. अर्धं शहर वर सड्यावर, अर्धं खाली. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका हे वरचं अंग. तिथून जयस्तंभाकडून उतरत गेलात की खाली बाजारपेठ, राम आळी, टिळक आळी आणि पुढे मांडवी. नकाशावर एक किलोमीटर दिसतं, पण त्यात चढ किती हे नकाशा सांगत नाही. तुमच्या सासूबाई बाजारातून वर चालत येऊ शकणार नाहीत, प्रत्येक वेळी रिक्षा लागेल. रिक्षा मिळते, तो प्रश्न नाही.

वरच्या भागात राहण्याचा फायदा गाडीतळ यांनी सांगितलाच. स्टेशनही त्याच बाजूला, कुवारबावला. लोकांना वाटतं रत्नागिरी स्टेशनवर उतरलो म्हणजे शहरात आलो. तसं नाही, तिथून शहरात यायला चांगला पाच-सहा किलोमीटरचा रस्ता आहे.

मांडवी म्हणजे शहराचाच समुद्र. संध्याकाळी जेटीवर फिरायला, भेळ खायला सगळं गाव लोटतं. वाळू काळसर. म्हाताऱ्या माणसांना बसायला छान, पण मुलांना मनसोक्त खेळायला मी भाट्यालाच नेतो. जवळच मिरकरवाडा बंदर. मासळी आवडत असेल तर सकाळी एकदा जरूर जा, मात्र बंदराला लागून खोली घेऊ नका. पहाटेपासून गजबज असते आणि वासाची सवय नसेल तर मुलं जेवत नाहीत.

भाट्ये खाडीच्या पलीकडे. पूल ओलांडला की लगेच किनारा. लांबलचक, सपाट, कडेला सुरूचं बन. झरी विनायकाचं देऊळ तिथेच आणि पावसचा रस्ताही तोच. बाजार पुलाच्या अलीकडे, दोन-तीन किलोमीटरवर. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी भाट्ये. तळमजला मिळाला तर.

मधली बर्थ

कोणत्या गाडीने येताय? कोकणकन्या असेल तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात घ्या. ती रत्नागिरीला पहाटे पोचते आणि खोल्या मिळतात अकरा-बाराला. मधले पाच-सहा तास दोन पोरं आणि दोन वयस्कर माणसं घेऊन कुठे काढणार? हॉटेलवाला फोनवर म्हणतो, "या हो, बघू," आणि आपण सामानासकट बाहेरच्या सोफ्यावर. मी बायको आणि सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन तसा बसलोय. आदल्या रात्रीचे पैसे भरून खोली धरून ठेवा, नाहीतर दिवसाच्या गाडीने या. जनशताब्दी पहाटे सुटते पण सकाळीच पोचवते.

आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. १ मेची गाडी हवी असेल तर २ मार्चला सकाळी आठला बसा. १ मे शुक्रवारी आलाय, महाराष्ट्र दिन आणि पुढे शनिवार-रविवार. अर्धी मुंबई निघणार.

दोन नातवंडांची आजी

अगं, तुझं ते "मला दिसत होतात" वाचून मी लिहायला बसले. मी ७१ ची. माझी मुलं मला दर वर्षी कुठे ना कुठे नेतात, त्यामुळे गॅलरीत बसणारीच्या बाजूने बोलते.

तुम्ही सगळे विचारता समुद्र किती लांब, देऊळ किती लांब. सकाळचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास माणूस बाहेर असतो. दुपारी बारा ते चार काय करता? मे महिन्यात कोकणात पारा फार चढत नाही, पण घाम असा फुटतो की बसल्या जागी जीव कासावीस होतो. ते चार तास सगळी खोलीत. तुम्ही झोपता, पोरं मोबाईल घेतात आणि म्हातारं माणूस छताकडे बघत पडतं, कारण त्याला दुपारची झोप लागत नाही. तेव्हा आधी दुपार शोध, समुद्र नंतर.

मला सुखाची दुपार मिळाली ती कौलारू घरात. जांभ्याचे चिरे, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी. पडवीत लाकडी बाक, समोर फणस. घरातली बाई आमसुलं वाळत घालायला आली, मी तिच्याबरोबर बसले. कोकमं फोडायची, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकायची. माझे हात लाल झाले आणि दुपार कधी गेली कळलं नाही. एसीच्या खोलीत हे कुठून येणार? शिवाय स्लॅबच्या वरच्या मजल्यावर वीज गेली की भट्टी होते. वीज जातेच.

आणि दोन ठिकाणी मुक्काम करू नकोस. आम्हाला एका जागी न्हाणीघर कुठे, दिव्याचं बटण कुठे, रात्री उठलं तर उंबरा कुठे, हे समजायला एक दिवस जातो. समजलं की तुम्ही बॅगा भरता.

सुपारीची बाग

आजींचं पटतं, पण गणपतीपुळ्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. आम्ही दर वर्षी तिथेच उतरतो. देऊळ आणि किनारा एकमेकांना लागून आहेत. पहाटे काकडआरतीची घंटा ऐकू येते, उठलं की देवळात. म्हाताऱ्या माणसांना याहून काय हवं? एमटीडीसीचं निवासही अगदी किनाऱ्यालगत आहे. शहरात राहून पुळ्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस गाडीत.

खाडीकाठ

अर्धा दिवस लागत नाही हो. शिरगाव, काळबादेवी, आरे-वारे, नेवरे असा सागरी रस्ता धरला तर साधारण २५ किलोमीटर. वळणं आहेत, लहान मुलीला गाडी लागत असेल तर सकाळी पोटभर खायला घालू नका. आरे-वारेच्या उतारावर गाडी थांबवली की दोन्ही किनारे एकदम दिसतात, त्यासाठी तरी याच वाटेने जा. तिथे पाण्यात मात्र कुणाला उतरू देऊ नका. पुळ्यालाही खोल जायचं नाही, ओढ फार आहे. स्थानिक माणूस हात हलवून परत बोलावतो तेव्हा ऐका.

आणि एक महत्त्वाचं. ५ मे मंगळवारी येतोय आणि त्या दिवशी संकष्टी. म्हणजे अंगारकी. पुळ्याला त्या दिवशी रांग कुठवर जाईल सांगता येत नाही. दर्शन ३ किंवा ४ ला उरकून घ्या. प्रदक्षिणा डोंगराला घालतात, साधारण एक किलोमीटरची. सासूबाईंना ती झेपणार नाही, त्यांना सभामंडपात बसवून बाकीच्यांनी जा.

भरतीओहोटी

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी तिथी बघावी. आमच्याकडे कोळी, खलाशी, सगळे हाच हिशेब करतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी वर चढलेलं, सूर्यास्ताला गेलात तर पुळण अरुंद. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या सुमारास भरती, संध्याकाळी ओहोटी, वाळू लांबवर उघडी.

तुमचं बघा. १ मेला बुद्धपौर्णिमा. ३ ला द्वितीया: दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. वयस्कर माणसाला समुद्रावर न्यायची तीच वेळ. ऊन नाही, गर्दी नाही. पाणी मागे गेल्यावर जी ओली वाळू राहते ती घट्ट असते, पाय रुतत नाही, काठीही रुतत नाही. अवघड असते ती कोरडी वाळू, रस्त्यापासून ओल्या पट्ट्यापर्यंतची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा तोल तिथेच जातो. म्हणून खोली समुद्रापासून किती लांब हे विचारूच नका. कोरडी वाळू किती पावलं तुडवावी लागते ते विचारा.

जिन्याखाली

किती छान लिहिताय सगळे. नणंदेला आणि नवऱ्याला वाचून दाखवलं, दोघं गप्प झाले. आजी, तुमची दुपार सासूबाईंनाही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आमसुलं माजघरात ठेवायचे." मग तासभर माहेरचं बोलत होत्या.

दोन शंका आहेत. वीज गेली तर इन्सुलिनचं काय? आणि घरगुती ठिकाणी मासे मिळतात का? सासऱ्यांना सुरमई हवी, सासूबाई गुरुवार पाळतात.

गाडीतळ

मासे आधी विचारून घ्या. बऱ्याच घरांत स्वयंपाक फक्त शाकाहारी असतो आणि बाहेरून आणूनही चालत नाही. त्यांचं घर आहे, त्यांचं बरोबर. मे महिन्यात मासेमारी चालू असते, बंदी १ जूनपासून. शहरात माशाचं ताट कुठेही मिळेल.

औषधांचा कप्पा

मी फार्मसीत काम करते. वापरात असलेलं इन्सुलिन कडक उन्हापासून जपलं तर लगेच बिघडत नाही, पण कोकणातल्या मे महिन्यात बाहेर ठेवू नका. घरमालकांच्या फ्रिजमध्ये जागा मागून घ्या. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको, गोठलं की फेकावं लागतं. वीज बराच वेळ गेली तर कोरड्या डब्यात घालून डबा माठाच्या पाण्यात ठेवा, आपल्या आज्या दूध ठेवायच्या तसा. बंद गाडीत तर पाच मिनिटंही ठेवायचं नाही. किती दिवस चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, प्रकाराप्रमाणे बदलतं. जिल्हा शासकीय रुग्णालय शहरातच आहे, भाट्याहून पूल ओलांडला की पोचता. माझ्या मते पुळ्यापेक्षा भाट्ये घेण्याचं हेच मोठं कारण.

दोन नातवंडांची आजी

फोनवर बोलताना घरातल्या बाईशी बोल. पुरुष सांगतात "सगळी सोय आहे". बाईला विचार, कमोड आहे का, न्हाणीघराला पायरी आहे का, खाटेची उंची किती. फार खाली असलेल्या खाटेवरून आम्हाला उठता येत नाही. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं तेही विचार. टँकर येत असेल तर तसं सांगेल ती, लपवणार नाही.

सुपारीची बाग

न्याहारी-निवास योजनेत नोंदलेली घरंही आहेत, तीही बघा.

जिन्याखाली

आज ठरलं. भाट्याच्या पुढे, रस्त्याच्या आतल्या अंगाला एक घर. चारही रात्री एकाच जागी. तिथल्या काकूंशी वीस मिनिटं बोलले. खाटेची उंची विचारली तर म्हणाल्या, "थांबा, मोजते," आणि खरंच टेप आणून मोजली. न्हाणीघराला एक पायरी आहे, वीतभर. स्वयंपाक शाकाहारी. समुद्र खिडकीतून दिसत नाही, मधे माडाची बाग आहे. नणंदेचा चेहरा थोडा उतरला, पण "हो" तीच पहिली म्हणाली. १ मेची कोकणकन्या मिळाली आहे आणि पहिल्या रात्रीचे पैसे आधीच भरले आहेत.

मधली बर्थ

शाब्बास. पहाटे खोली उघडी मिळेल याची आदल्या दिवशी पुन्हा एकदा खात्री करा.

जिन्याखाली

काल परतलो. सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं.

पहाटे स्टेशनवरून रिक्षाने गेलो तर काकू दिवा लावून पडवीत बसलेल्या. दार उघडं, खाटा घातलेल्या. सगळे नऊपर्यंत झोपलो. नुसत्या या एका गोष्टीसाठी भरलेले पैसे वसूल झाले.

सगळंच जमलं असं नाही. न्हाणीघराची ती वीतभर पायरी ओली झाली की निसरडी व्हायची. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा पाय सरकला, नणंदेने धरलं म्हणून वाचल्या. मग काकांनी पायरीवर गोणपाट अंथरलं आणि दाराला दोरी बांधून दिली धरायला. पायरी आहे एवढंच मी विचारलं होतं, धरायला काही आहे का ते नाही. दुपारी एकदा तीन तास वीज गेली, माठाचा उपाय कामी आला. रत्नदुर्ग सोडून दिला. थिबा पॅलेसला सासरे रमले. १८८५ साली राज्य गेलेला ब्रह्मदेशाचा राजा १९१६ मध्ये मरेपर्यंत इथेच होता, हे नातवाला सांगताना त्यांचा आवाज बदलला. मुलाने विचारलं, "त्याला घरी जाता नाही आलं?" सासरे म्हणाले, "नाही." पुढे बराच वेळ दोघं काही बोलले नाहीत. पुळ्याचं दर्शन ४ ला सकाळी घेतलं, अर्ध्या तासात झालं.

आणि ३ तारखेची सकाळ. भरतीओहोटी, तुमचा हिशेब जवळपास बरोबर निघाला, आम्ही सातला पोचलो तेव्हा पाणी लांब गेलं होतं. सुरूच्या बनाच्या कडेने एका जागी कोरडी वाळू फारच थोडी आहे, ती काकांनी आदल्या संध्याकाळी दाखवून ठेवली होती. मोजली, बावीस पावलं. एका बाजूने नवरा, एका बाजूने मी, सासूबाई मधे. ओल्या वाळूवर पाय टेकला तशा म्हणाल्या, "सोडा आता." सोडलं. काठी टेकत एकट्या चालत गेल्या, पाणी घोट्याला लागेपर्यंत. मग वाकता येत नाही म्हणून धाकटीला म्हणाल्या, ओंजळीत पाणी आण. तिने आणलं, निम्मं सांडलं. उरलेलं त्यांनी डोळ्यांना लावलं.

दोन नातवंडांची आजी

वाचलं गं. आणि दुपारी?

जिन्याखाली

दुपारी काकूंबरोबर फणसाचे गरे साफ करत होत्या. हाताला खोबरेल लावून, आठळ्या वेगळ्या काढत. पिशवीभर आठळ्या ठाण्याला आल्या आहेत, आज आमटीत घालणार.